कोशाचा नेम

टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला झालं, मासोळी विकणाऱ्या बाईनं मान वर केली, आणि शालिकरामच्या हातातल्या पिशवीचा एक बंद सुटला. दुसरा बोटांत अडकून राहिला म्हणून पिशवी चिखलात पडली नाही, एवढंच. ती पुन्हा नीट धरायला त्याला जो वेळ लागला तेवढ्यात बाईनं त्याला ओळखलं, कोपरानं पदर पुढे ओढला आणि म्हटलं, "राम राम भाऊ. घ्या नं, मरळ ताजी हाये." ती गोकुळा होती, डोमा ढिवराची बायको. आजवर त्यानं तिला पाहिलं होतं ते पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या तिच्या अंगणात. पाण्याचा लोटा पुढे ठेवून ती आत वळायची आणि मग दाराआडून तिचं हसणं तेवढं ऐकू यायचं. चांद्याच्या बाजारात, गटाराला लागून बसलेल्या मासोळीवाल्यांच्या रांगेत, पायाखाली पावशी दाबून मरळ कापत बसलेली गोकुळा त्याच्या डोळ्यांना पटेना.

"तू इथं कशी, बाई?"

"भावाकडं हावो. रामाळ्याच्या तलावाच्या पाळीवर."

"आणि डोमा?"

"ते गावातच हायेत. मले काढून देल्लं त्यायनं." मासोळी कुठल्या तलावातली ते सांगावं तशा आवाजात ती बोलली. "कोशाचे किडे मेले नं श्रावणात. झडीत त्यायची चूल पेटत नव्हती, म्हून मी राखणीवर भात घेऊन गेली व्हती. तं माही सावली पडली म्हने झाडावर."

शेजारी बसलेली तिची भावजय भागीरथा एवढा वेळ गिऱ्हाइकाशी भांडत होती. ती मधेच वळून म्हणाली, "हिची सावली एवढी जड अशीन तं भाऊ, पारड्यात वजनाच्या ठिकाणी हिलेच बसवा!" आजूबाजूच्या दोघीतिघी खळखळून हसल्या. गोकुळाही हसली. हसताना तिनं शालिकरामकडे पाहिलं. त्यालाही हसू येतं का, एवढंच त्या पाहण्यात असेल. पण त्याला वाटलं, ही वाट बघते आहे. त्याच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. गेला दीड महिना ते तयारच होतं, आणि इतकं लहान होतं की गिऱ्हाइकानं मासोळी निवडता निवडता सहज बोलून टाकावं. मी खाल्ली होती. तो खाली वाकला, टोपलीतल्या एका मरळीकडे बोट केलं आणि म्हणाला, "ही दे." गोकुळानं ती साफ करून पानात बांधली आणि वरून मूठभर बारीक मासोळ्या टाकल्या. त्यानं नको नको म्हटलं तर म्हणाली, "राहू द्या जी. गिरजाबाईले सांगा, गोकुळानं इचारलं म्हून."

बाजारातून घराकडे जाताना त्यानं नेहमीचा रस्ता सोडला आणि परकोटाच्या भिंतीकडेनं लांबून निघाला. पिशवी त्यानं अंगापासून दूर धरली होती. या रस्त्यावर जुनी कचेरी लागायची, जिथं तो लग्नाआधीपासून, धंदा काढेपर्यंत, कारकून होता. कचेरीवरची पाटी गेल्या वर्षी जिल्हा दुसऱ्या राज्यात गेला तेव्हा बदलली. आत माणसं तीच होती. मोठे बाबू मागच्याच आठवड्यात त्याला पानठेल्याशी भेटले होते आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "शालिकराम, जागा रिकामी आहे. साहेबांशी मी बोलतो. पण लवकर कळव, माझ्या मागं लोक लागलेत." त्या हाताचा भार त्याला चांगला वाटला होता. गिरजाला त्यानं हे सांगितलं नव्हतं. सांगायला हरकत काय होती? पण त्या दिवशी तो घरी गेला तेव्हा ती मागच्या छपरीत उकळत्या हंड्यासमोर बसली होती, रेशमाचे कोसे लाकडानं खालीवर करत; सोड्याच्या पाण्यानं तिच्या बोटांची सालं निघाली होती. त्याला पाहून ती म्हणाली, "बघा, जुने राहिलेले कोसे आहेत, पण तार किती लांब येते." आणि मांडीवर तिनं ती तार अशी वळून दाखवली की नोकरी हा शब्द त्याला घाणेरडा वाटला.

धंदा काढायचं तिच्याच मनात आलं होतं, असं तो स्वतःला अधूनमधून सांगत असे. ते खरं नव्हतं. त्याच्याच मनात आलं होतं. कचेरीच्या कामानं तो जंगलात फिरायचा आणि तिथं येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोसा पाळणारे ढिवर बघायचा. झाडावर पोसलेले, बोटाएवढे, हिरवेगार किडे. आणि मग फांदीला देठानं टांगलेले, अंड्याएवढे कोसे. हा सगळा माल बाहेरचे व्यापारी उचलून नेत. आपण तो इथंच उकळावा, इथंच तार काढावी, नागभीडच्या कोष्ट्यांना द्यावी, आपलं नाव असलेलं एक लुगडं निघावं. हे सगळं त्यानं गिरजाला अंधारात, उशाखाली हात घेऊन सांगितलं होतं, आणि त्याला वाटलं होतं ती हसेल. ती उठून बसली. तिनं त्याच्या शब्दांना घट्ट पकडलं, आणि पुढं त्याचे शब्द ढिले पडले तरी तिनं पकड सोडली नाही. पहिल्या वर्षी छपरी वादळात उडाली, दुसऱ्या वर्षी तार काळवंडली म्हणून कोष्ट्यांनी परत केली, आणि दर वेळी तोच खाटेवर पडून राहिला आणि तीच म्हणाली, "होते असं. पुढच्या पिकाला बघू." कधी कधी त्याला वाटे, आपला धंदा आपण चालवतच नाही, बायकोचा आपल्यावरचा विश्वास चालवतो, आणि आपण त्याच्यामागे, बैल गाडीमागे बांधून न्यावा तसे चाललो आहोत. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. लोक त्याला जिद्दी म्हणत. मोठे बाबूसुद्धा म्हणाले होते, "तुझी जिद्द मानली पाहिजे." तेव्हा त्यानं मान खाली घातली होती आणि बाबूंनी तो विनय समजला होता.

डोमाशी भागीदारी झाली ती यंदाच्या उन्हाळ्यात. बीज, म्हणजे किड्यांची अंडी, शालिकरामनं आणायचं, झाडं आणि राखण डोमाची, कोसा अर्धा अर्धा. अंगणात बाजेवर बसून हे ठरलं आणि शालिकराम उठू लागला तेव्हा डोमानं त्याला थांबवलं. "एक गोष्ट हाये जी. नेम."

"कशाचा नेम?"

डोमानं सांगितलं. किडे झाडावर चढवले की कोसा उतरेपर्यंत राखणदारानं एकदाच जेवायचं, मासोळी-मटण खायचं नाही, तेल लावायचं नाही, केस काढायचे नाहीत, भुईवर निजायचं, बाईमाणसाच्या जवळ जायचं नाही. हे शालिकरामला ऐकून माहीत होतं. पण डोमा पुढं म्हणाला, "आतापावतर माह्या एकल्याचा कोसा व्हता, तं नेम एकल्याचा. आता दोघाईचा हाये. तुमाले बी पाळा लागन."

"मी तर चांद्याला राहणार, डोमा."

"तं चांद्याले पाळा. मले काही तुमच्या घरी येऊन पाहाचं नाई." आणि तो हसला. "तुमच्यावर हाये."

शालिकराम हो म्हणाला. त्याला ते त्या वेळी आवडलंही होतं. कुणीतरी आपल्याला एवढं धरून चालतं, याचं त्याला नवल वाटलं. घरी सांगितल्यावर गिरजानं त्याची गादी गुंडाळून वर ठेवली आणि स्वतःसाठीही दुसऱ्या खोलीत चटई टाकली. नेम तिला कुणी घातला नव्हता. तरी तिच्या चुलीवर त्या दिवसांत मासोळी चढली नाही. दाढी वाढली, डोकं कोरडं पडलं, नईम शिंपी दुकानातून ओरडायचा, "काय शालिकरामभाऊ, जोगी होऊन राह्यले की काय? कापड तरी फकिरासारखं शिवून देतो!" आणि शालिकराम लाजून पुढे जायचा. पण आतून त्याला बरं वाटायचं. दूर जंगलात एक माणूस झाडाखाली बसून गुलेलीनं पाखरं हाकतो आहे आणि त्याच्याकडून इथपर्यंत काहीतरी ताणलेलं आहे. आपण हललो तर तिथं कळेल. इतकं नीट, इतकं स्वच्छ तो पूर्वी कधी जगला नव्हता.

मग वरोऱ्याला जाणं झालं. नागपूरचे एक व्यापारी तिथं एका जंगल-ठेकेदाराकडे उतरले होते आणि त्यांनी कोशाच्या लुगड्यांबद्दल बोलायला बोलावलं होतं. पंगत बसली. पितळी ताटं, आणि ताटात मासोळीचा तांबडा रस्सा. शालिकरामनं ताटावर हात आडवा धरला. "काय झालं? खात नाही?" व्यापाऱ्यांनी विचारलं. ते शिकलेले गृहस्थ होते, चष्मा लावत, नीट इस्त्रीचे कपडे घालत. सोमवार आहे म्हणता आलं असतं. पोट बरं नाही म्हणता आलं असतं. पण तो ज्या गोष्टीवर त्यांच्याशी धंद्याचं बोलायला आला होता त्या कोशासाठी आपण एका ढिवराच्या सांगण्यावरून दाढी वाढवली आहे आणि भुईवर निजतो, हे आता कुठल्याही क्षणी त्याच्या चेहऱ्यावर दिसेल, अशी त्याला भीती वाटली. ठेकेदार हसून म्हणाला, "अहो, हे कोसेवाले किड्यांसाठी सोवळं पाळतात म्हणे! तुम्ही पण का?" आणि शालिकराम हसला. "छे छे," म्हणाला, आणि आडवा हात काढला. त्यानं खाल्लं. चव चांगली होती. एवढ्या दिवसांनी जिभेला तिखट लागलं, तेल लागलं, आणि वाढपी परत आला तेव्हा त्यानं पुन्हा वाढून घेतलं. दुसऱ्यांदा त्याला कुणी आग्रह केला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी पोंभुर्ण्याकडून येणाऱ्या गाडीवानानं निरोप आणला: किडे लटकले. पाय फांदीला चिकटलेले, डोकं खाली, तोंडातून काळं पाणी, सगळी झाडंच्या झाडं तशी. शालिकराम दारात उभा होता. निरोप ऐकल्यावर त्याला पहिल्यांदा काय झालं ते त्याला पक्कं आठवत होतं, आणि त्यानंतर रोज आठवत होतं. त्याला हलकं वाटलं. लांबच्या प्रवासात पाठीवरचं ओझं कुणीतरी मागून उचलावं तसं. संपलं, असं मनात आलं. आता पुढच्या पिकाचं कुणी नाव काढणार नाही. मग गिरजा मागून आली, तिनं गाडीवानाला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तिचा चेहरा बघता बघता त्याला आपला चेहरा तिच्यासारखा करावा लागला. मासोळीनं किडे मरत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. कोशाचा रोग अंड्यातूनच येतो असं त्यानं वाचलं होतं. डोमाच्या गावाजवळच्या दुसऱ्या राखणदारांचेही थोडे किडे गेले होते. पण ते हलकेपण अंड्यातून आलेलं नव्हतं. ते त्याचंच होतं. आणि कधी कधी त्याला असंही वाटे की आपण पीक संपावं म्हणूनच खाल्ली. तिखटासाठी नाही, लाजेसाठी नाही. आपण आपल्या धंद्याला जेवता जेवता मारलं.

मरळ घेऊन तो घरी पोचला तेव्हा गिरजा रिकाम्या हंड्याला राखेनं घासत होती. पानातली मरळ बघून तिला आनंद झाला. "बारीक मासोळ्या पण? बाजार फिरून आलात की काय?" गोकुळाचं नाव घ्यायला त्याची जीभ उचलेना. त्यानं हात धुतले, टोपी खुंटीला लावली, पुन्हा काढली. शेवटी म्हणाला, "मी उद्या डोमाकडे जाऊन येतो." गिरजाचे हात थांबले. ती उठली, पदराला हात पुसले, आणि तिच्या डोळ्यांत असं काही आलं की त्यानं नजर खाली केली. "मला वाटतच होतं," ती म्हणाली. "तुम्ही गप्प असता तेव्हा तुमच्या मनात चालू असतं, मला माहीत आहे. दुसऱ्या पिकाचे दिवस आलेच. बीज कुठून आणायचं तेही त्याच्याशी ठरवून या. अहेरीच्या बाजारात माडिया लोक रानातला कोसा आणतात म्हणे, त्याचं बीज कणखर असतं." तिनं त्याच्यासाठी भात आणि मरळीचा रस्सा वाढला. तो कसाबसा दोन घास जेवला. तिनं विचारलं, चव नाही का? तो म्हणाला, आहे.

चांदा फोर्टच्या स्टेशनावरून छोटी गाडी मूलपर्यंत न्यायची, आणि तिथून पुढे बैलगाडी मिळाली तर मिळाली. रस्ताभर त्यानं ते वाक्य कितीदा तरी जुळवलं. पण त्याच्या बरोबरीनं आणखी एक विचार चालत होता, आणि तो विचार त्याला स्वतःची किळस आणत होता. डोमा हे ऐकल्यावर काय करील? उघड आहे. नेम मोडणाऱ्याबरोबर तो वाटा ठेवणार नाही. म्हणेल, तुमचा रस्ता तुम्ही धरा. मग घरी येऊन सांगायचं: डोमानं सोडलं, आता काय करणार. मोठ्या बाबूंना कळवायचं. गिरजा रडेल, पण तिला दोष दाखवायला जागा राहणार नाही. म्हणजे मी खरं बोलायला चाललो आहे की सुटायला? सागाच्या झाडांतून गाडी जात होती, बैलांच्या पाठीवर माशा बसत होत्या, आणि दोन्ही उत्तरं त्याला सारखीच खरी वाटत होती. एखादा चांगला माणूस असता तर गोकुळाच्या टोपलीपाशीच बोलला असता. तिच्यासाठी बोलायचं होतं तर तिच्याशी बोलायचं. आपण एवढ्या लांब आलो ते कशासाठी?

डोमा अंगणात नव्हता. तो घरामागे, येनाच्या पहिल्या झाडापाशी, राखणीच्या कुडाच्या खोपटीत बसला होता. झाडावर एकही किडा नव्हता. शालिकरामनं त्याला लवकर ओळखलं नाही. दाढी गळ्यावर उतरली होती, केसांच्या जटा झाल्या होत्या, अंग वाळून काटकीसारखं. जमिनीवर गवताची एक पेंढी पसरलेली आणि बाजूला मडक्यात शिळा भात.

"या जी," तो उठत म्हणाला. "बसा. अंगावर चढल्या तं झटका, इथी मुंग्या हायेत."

"डोमा, हे काय? अजून नेम?"

"सुटला नाई नं." डोमाला त्याच्या प्रश्नाचं नवल वाटलं. "कोसा उतरला, पूजा झाली, का नेम सुटते. कोसा उतरलाच नाई, तं सोडाचा कसा? चुकी माह्या घरची झाली. जवापावतर दुसरं पीक निंगत नाई तवापावतर असाच बसतो म्हटलं." मग शालिकरामच्या गुळगुळीत हनुवटीकडे बघून तो मान हलवून म्हणाला, "तुमी मोकळे झाले ते बरं झालं. तुमाले शहरात लोक हासत असतीन."

किडे मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी शालिकरामनं दाढी काढली होती. त्याचा हात आपोआप हनुवटीवर गेला आणि तिथंच राहिला. जुळवलेलं वाक्य सगळं निघून गेलं. "डोमा, मी मासोळी खाल्ली," तो म्हणाला. "वरोऱ्याला. नेमात असताना. गोकुळाची काही चूक नाही."

डोमा ऐकू न आल्यासारखा बघत राहिला.

"कोनी बळजबरी केली?"

"नाही. मला त्यांची लाज वाटली. दुसऱ्यांदा मागून घेतली."

झाडावरून एक कोतवाल पक्षी उडाला. डोमाचा हात सवयीनं गुलेलीकडे गेला, आणि त्याच्या ध्यानात आलं की राखण्यासारखं काही नाही. तो खाली बसला. शालिकराम वाट बघत राहिला. आता ओरडेल, आता चालते व्हा म्हणेल. त्याला ते हवं होतं. त्याच्या पायांनी परत फिरायची तयारीसुद्धा केली होती. डोमा ओरडला नाही. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तिले मारलं जी. सर्व्या गावासमोर. ती काहीच नाई बोलली. भाताचं भांडं उचललं आन गेली." मग त्यानं मान वर केली. "श्रावणात काऊन नाई सांगितलं?"

शालिकरामनं हनुवटीवरचा हात खाली घेतला. डोमानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी त्याच आवाजात. मग त्यानं खुंटीवरचा सदरा उचलून अंगात घातला, दाराला सुतळी बांधली आणि म्हणाला, "चला. तिच्यासमोर सांगा."

परतीच्या वाटेवर डोमा पुढे होता. मूलच्या स्टेशनावर लोक त्याच्या जटांकडे बघत होते, एका म्हाताऱ्यानं तर त्याच्या पाया पडून घेतलं. डोमानं पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. डब्यात तो शालिकरामच्या समोर बसला होता आणि शालिकराम खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करत होता. वाटा मोडल्याचं डोमा अजून बोलला नव्हता. बहुतेक तिच्यासमोर बोलणार. बोलू दे. असं म्हणताना शालिकरामला जाणवलं की आपण त्या वाक्याची वाट एखाद्या उपाशी माणसानं ताटाची बघावी तशी बघतो आहोत, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

रामाळ्याच्या पाळीवर ऊन लख्ख पडलं होतं. गोकुळाचा भाऊ झिंगू पाण्यात कंबरभर उभा राहून शिंगाडे काढत होता. गोकुळा आणि भागीरथा पाळीवर जाळं पसरून त्यातलं शेवाळ वेचत होत्या. डोमाला बघून गोकुळानं पदर ओढला नाही. भागीरथा तेवढी म्हणाली, "अवो बाई, हे कोन बाबाजी आले? भिक्षा वाढू का?"

"सांगा," डोमा शालिकरामला म्हणाला.

शालिकरामनं सांगितलं. झिंगू पाण्यात थांबला. पलीकडे कपडे धुणाऱ्या बायाही बघू लागल्या, म्हणून त्याचा आवाज खाली गेला, आणि डोमा म्हणाला, "जोरानं सांगा." त्यानं जोरानं सांगितलं. वरोरा, पंगत, ठेकेदार, दुसऱ्यांदा वाढून घेतलं ते. आणि परवा बाजारात तुझ्याकडून मरळ घेतली पण बोललो नाही, तेही. भागीरथा हसली. "एवढीशी मासोळी, आन एवढ्या झाडांचा कोसा खाऊन बसली!" पण तिच्या हसण्याला कुणी साथ दिली नाही.

गोकुळा शेवाळ वेचत होती. तिनं हातातलं एक लांब शेवाळ काढून पाण्यात फेकलं आणि मग डोमाकडे पाहिलं, शालिकरामकडे नाही.

"आन भाऊनं खाल्ली नसती तं?"

डोमानं जाळ्याकडे पाहिलं.

"खाल्ली नसती, आन तरी बी किडे मेले असते. तं माहीच सावली राह्यली असती नं?"

"तसं नाई, गोकुळे..."

"तसंच हाये." तिचा आवाज चढला नव्हता. "आज यायनं खाल्ली म्हून मी सुटली. उद्या कोनी नाई खाल्ली, तं कोन येईन सांगाले?"

शालिकराम हे वाक्य घेऊन आला नव्हता. एवढ्या रस्त्यात, एवढ्या उलटसुलट विचारांत हे त्याच्या मनाला कुठंच शिवलं नव्हतं. त्याला वाटलं होतं तो तिच्यासाठी काहीतरी देतो आहे; जड, कष्टानं उचलून आणलेलं. तिनं ते बघितलं आणि बाजूला ठेवलं. त्यानं तिच्या डोक्यावरचा आळ आपल्या डोक्यावर घेतला होता, पण आळ होता तसाच होता, नुसता इकडून तिकडे झालेला. झिंगू पाण्यातून म्हणाला, "भाऊजी, बोला नं काही." डोमाच्या दाढीत त्याचे ओठ हलत होते. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मी चुकलो. चाल घरी."

"येईन," गोकुळा म्हणाली. "पन मी बी राखणीले बसीन. घरात नाई, येनाखाली. मले गुलेल चालवता येते. जगले किडे तं जगले, मेले तं तिघाईचे मेले. कोनाच्या सावलीनं नाई, कोनाच्या मासोळीनं नाई. चालत असन तं सांग."

बाईमाणूस राखणीवर. डोमानं शालिकरामकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि वाटा मोडायचं तर नावही नव्हतं. तो विचारत होता. भागीदाराला विचारावं तसं. याला चालेल का, आपण काय करू या. शालिकरामला कळलं की हा माणूस आपल्याला सोडणार नाही. मासोळी खाल्ली, दीड महिना गप्प बसलो, तरी याच्या हिशेबी कोसा अजून दोघांचा आहे. सुटका डोमाकडून येणार नव्हती. ती हवी असेल तर आता, इथं, या उन्हात त्याला स्वतःला मागावी लागणार होती. मला नोकरी मिळते आहे. एवढंच वाक्य. लहान.

"बीज आणता का, भाऊ?" आता गोकुळा त्याच्याकडे बघत होती. "का तुमी बी सोडून राह्यले?"

त्याला मोठ्या बाबूंचा खांद्यावरचा हात आठवला, त्याची ऊब आठवली. गिरजाची सालं निघालेली बोटं आठवली. पण यांतलं काही त्याला ढकलत नव्हतं. धीर म्हणावा असं काही त्याच्यात आलेलं नव्हतं. नव्या पिकाचा विचार त्याला तसाच नकोसा वाटत होता. त्यानं ते जुनं हलकेपण शोधून पाहिलं, तेही सापडलं नाही. नाही म्हणायला लागणारी हिंमत त्याच्याजवळ नव्हती, की हो म्हणणं भाग होतं, की त्याला खरंच पुन्हा एकदा त्या किड्यांना फांदीवर चढताना बघायचं होतं, हे ठरवायला वेळ हवा होता आणि ती तर बघत होती.

"आणतो," तो म्हणाला.

"कधी?"

"अहेरीच्या येत्या बाजाराला."

"बरं," गोकुळा म्हणाली, आणि पुन्हा जाळ्यावर वाकली. जाळ्यात शेवाळ पुष्कळ होतं. भागीरथानं दुसऱ्या टोकाकडून वेचायला सुरुवात केली, झिंगू पाण्यात खाली बुडून पुन्हा वर आला. डोमा आणि शालिकराम पाळीवर शेजारी शेजारी उभे होते, एक जटा वाढलेला, एक गुळगुळीत. त्यांना बसा असं कुणी म्हटलं नाही, आणि आपण होऊन बसावं एवढा धीर दोघांतल्या एकालाही होईना.